कुरणातलं तण : जून ते जून, कामाच्या नोंदी

३ जून

पाऊस यायच्या आत सगळं कुरण एकदा पायाखालून घालायचं ठरलं होतं, ते आज झालं. सहा एकराच्या आसपास जागा. वरचा भाग उताराचा, तिथे गवत अजून बरं आहे, मधे ठिगळं ठिगळं, आणि खाली फाटकाच्या बाजूला बघवत नाही. नाल्याकडचा कोपरा वेगळाच, तिकडे घाणेरीची जाळी आहे त्यामुळे आत कोणी जात नाही.

मोजायची पद्धत एकदम साधी ठेवली. बुटाच्या टोकाला पांढऱ्या पेंटचा ठिपका, सरळ रेषेत चालायचं, दर दोन पावलांनी थांबायचं आणि ठिपक्याच्या पुढे जे असेल ते लिहायचं. आपल्याला काय दिसावंसं वाटतं ते नाही, जे आहे ते. २०० वेळा थांबले. ८३ वेळा नुसती माती, ५१ वेळा गवत, ४९ वेळा वाळलेलं गाजर गवत (नावात गवत, पण खरं तण हेच), आणि उरलेल्या १७ मधे दगड, शेण, रानतुळस असं किरकोळ.

मला वाटलं होतं तणाचा आकडा सगळ्यात मोठा येईल. माती पहिली आली.

७ जून

तात्यांनी शेणखताची एक ट्रॉली टाकून घेतली, मधल्या उघड्या पट्ट्यात. गवताला जोर येईल म्हणाले. बरं.

९ जून

कामाला सुरुवात कुठून करायची यावर दोन तास गेले. तात्या म्हणाले फाटकापासून, कारण येणारा जाणारा आधी तेच बघतो. पोरं पण तेच म्हणाली, दाट आहे तिथे काम केल्यावर काम केल्यासारखं दिसतं. मी काही बोलले नाही कारण मलाही खरं तर तेच पटलेलं, आता नंतर शहाणपणा दाखवायचा नाही म्हणून इथे लिहून ठेवतेय.

२१ जून

पाऊस चांगला झाला आणि चार-पाच दिवसांत जमीन हिरवी. लांबून बघितलं तर वाटतं वा, गवत आलं. जवळ गेलं की कळतं सगळी गाजर गवताची रोपं आहेत. अजून जमिनीला चिकटलेली, पानं चक्रासारखी पसरलेली, गाजराच्या पाल्यासारखीच कातरलेली, आणि ज्या जागेवर ते चक्र बसतं तिथे खाली दुसरं काही उगवूच शकत नाही. एक मीटर बाय एक मीटरची पीव्हीसी पाइपची चौकट केलीय, ती फाटकाजवळ टाकली आणि गुडघ्यावर बसून मोजलं, २१४ रोपं. मोजताना मधे गवताची तीन पाती सापडली, केसासारखी, त्यांना बाजूला काडी रोवून ठेवली.

४ जुलै

फाटकाकडचा अर्धा एकर उपटून झाला. पाच जण, दोन दिवस. ओल्या मातीत मूळ सरळ येतं, फक्त खोडाच्या बुडाशी धरायचं, वरून धरलं तर तुटतं आणि बुडखा राहिला की परत फुटतो. हातमोजे सगळ्यांना दिलेत आणि पूर्ण बाह्यांचे शर्ट. फुलावर आलेलं एकही नव्हतं म्हणून काढलेलं सगळं तिथेच खड्ड्यात टाकलं, फुलं असती तर तसं टाकता आलं नसतं, उपटल्यावरही बी पिकतं त्याचं.

काम झाल्यावर जागा हजामत केल्यासारखी दिसत होती. फोटो काढले. सगळे खूश.

१२ जुलै

मेक्सिकन भुंगे आले. झायगोग्रामा बायकोलोराटा हे पूर्ण नाव, आपल्याकडे १९८० च्या दशकात मेक्सिकोहून आणले, मुद्दाम गाजर गवतासाठी. डब्यात साधारण पाचशे. दिसायला छान आहेत, मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा, करंगळीच्या नखाएवढेही नाहीत. अळ्या पण पानंच खातात, आणि कोवळे शेंडे आणि कळ्या खाल्ल्यामुळे फुलोरा कमी होतो हा खरा फायदा. सूर्यफुलावर दिसला म्हणून मधे याच्यावर बराच आरडाओरडा झाला होता, पण त्याचं पोट गाजर गवतावरच भरतं. फाटकाच्या डाव्या कोपऱ्यात जिथे उपटायचं राहिलं होतं तिथे सोडले. पावसाळ्यात खातो आणि कोरड्या दिवसांत मातीत जाऊन झोपतो, म्हणजे यंदा सोडला आणि यंदाच कुरण साफ झालं असं होत नाही, दोन-तीन पावसाळे धरून चालायचं.

१७ जुलै

फाटकाजवळ जुन्याच जागी चौकट टाकली. ३०६. म्हणजे उपटायच्या आधी २१४ आणि उपटल्यावर तेरा दिवसांत ३०६! दोनदा मोजलं. काडी रोवून ठेवलेली गवताची तीन पाती पण गायब, आम्हीच तुडवली असणार किंवा उपटताना मातीबरोबर निघाली.

कारण शोधायला फार लांब जायला नको. एका झाडाला पंधरा-वीस हजार बी सहज धरतं, आणि ते गेली कित्येक वर्षं इथे पडतंय. मातीत पुरलेलं बी वर्षानुवर्षं जिवंत राहतं, आम्ही माती उलटी केली, बी वर आणलं, उजेड दिला, वर पाऊस. पेरणी यापेक्षा वेगळी काय करतात?

१९ जुलै

रात्री बसून वाचलं. ऑस्ट्रेलियात सिडनीला जोन आणि आयलीन ब्रॅडली या दोन बहिणी होत्या, १९६० च्या दशकात त्यांनी घराजवळच्या रानातलं तण काढायला घेतलं आणि त्यातून जी पद्धत बसवली ती आजही त्यांच्याच नावाने चालते. सांगणं इतकंच की जिथे मूळची झाडं चांगली आहेत तिथून सुरुवात करा आणि तिथून तणाकडे सरका, माती कमीत कमी हलवा, आणि मूळची झाडं जितक्या वेगाने जागा भरतील तितक्याच वेगाने पुढे जा, घाई करू नका. म्हणजे आम्ही केलं त्याच्या बरोब्बर उलटं.

तात्यांना सांगितलं. ते म्हणाले, "अगं म्हणजे जिथं तण नाही तिथं तण काढायचं?" मी म्हटलं, "हो तात्या, जिथे थोडं आहे तिथे." त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाले पोरं हसतील. हसलीच.

२३ जुलै

वरच्या उतारावर गेलो. इथे मारवेल आणि पवन्या ही गवतं आहेत, मधे मधे कुसळी. गाजर गवताचं झाड दहा-बारा पावलांवर एखादं. प्रत्येकाने एक रांग धरायची, दिसलं की बुडाशी धरून उपटायचं, निघालेली माती तिथेच पायाने दाबायची आणि त्याच झाडाचा पाला त्या भोकावर ठेवायचा म्हणजे माती उघडी राहत नाही. तीन तासांत दीड एकर झाला. अर्ध्या एकराला दोन दिवस लागले होते ते आठवून कोणी काही बोललं नाही.

२८ जुलै

आज मधल्या पट्ट्यात एक गंमत दिसली, गंमत म्हणजे डोक्याला हात लावायची. तरोट्याची दाट रोपं, दोन सरळ रेषांत, फाटकापासून आत येतात, वळतात आणि जिथे शेणखत रिकामं केलं तिथे गोल पसरतात. दोन रेषांमधलं अंतर काठीने मोजलं, ट्रॉलीच्या दोन चाकांमधलं अंतर तेच. खत सांडत आलं त्याबरोबर बी सांडत आलं. आधी या पट्ट्यात तरोटा नावालाही नव्हता.

खत नीट कुजलं असतं तर हे झालं नसतं. ढीग आतून पंचावन्न-साठ अंशांपर्यंत तापला आणि काही दिवस तसाच राहिला, वरचं आत आणि आतलं वर असा पालटला, की बहुतेक बी मरतं. आमचा ढीग बहुधा नुसता सुकलेला होता. ट्रॉलीवाल्याला काय बोलणार, हात घालून गरम आहे का ते आम्ही बघायला हवं होतं.

तात्यांना मी काही म्हटलं नाही. ते स्वतःच म्हणाले, "माझी चूक लिही तिथं." लिहिली.

२ ऑगस्ट

तरोटा ठेवावा का, असा प्रश्न एका पोराने काढला, कारण तरोटा गाजर गवताला दाबतो असं त्याने ऐकलंय. ऐकलंय ते खरंय, तरोट्याच्या जातीची झाडं मुद्दाम पेरून गाजर गवत हटवायचे प्रयोग झालेत. रस्त्याच्या कडेला ठीक आहे. कुरणात ढोर तरोट्याला तोंड लावत नाही मग आपल्याला काय मिळालं, एक भूत काढायला दुसरं बसवलं. शेंगा धरायच्या आत उपटायचा.

१४ ऑगस्ट

भुंगे सोडलेला कोपरा साफ!! दोन्ही पोरांनी काल उत्साहात तो उपटून टाकला, त्यांना माहीत नव्हतं, मी पाटी लावायला विसरले होते. अंडी पानांच्या खाली असतात, अळ्या शेंड्यात, सगळं खड्ड्यात गेलं. खड्डा उकरून बघितला, चार भुंगे जिवंत दिसले, ते हातावर घेऊन नाल्याकडे झुडपात सोडले. चार. पाचशेतले.

३ सप्टेंबर

फाटकाकडे आता कमरेएवढं झालंय आणि पांढरं फुललंय. उपटायला माणसं नाहीत म्हणून ग्रासकटर आणला. तासाभरात सगळं आडवं, मशीन चालवणाऱ्या दादाने गॉगल घातला होता पण गळा उघडा होता.

६ सप्टेंबर

दादाच्या मानेवर आणि कोपराच्या आतल्या बाजूला लाल चट्टे, रात्रभर खाज, डॉक्टरकडे जाऊन आला. गाजर गवताची ॲलर्जी एकदा बसली की पुढच्या वेळी लांबून पण त्रास देते. याला आता या कामाला बोलवायचं नाही, तो नाही म्हणत असला तरी.

२० सप्टेंबर

ग्रासकटरने कापलेल्या प्रत्येक बुडख्याला बाजूने चार-पाच फुटवे, आणि ते वीतभर उंचीवरच फुलावर आलेत. आधी कमरेवर फुलत होतं ते दिसत तरी होतं. फुलावर आलेलं कापायचं असेल तर नंतर पंधरा दिवसांनी परत कापायची तयारी पाहिजे, नाहीतर हात लावू नये. आता हे सगळं उपटून पोत्यात भरतोय, एकेक.

२७ सप्टेंबर

तणनाशकाचा विषय. कोणीतरी टू-फोर-डी आणून ठेवलंय. रुंद पानाच्या झाडांना मारतं आणि गवताला सोडतं म्हणून कुरणाला सोयीचं, ऐकायला छान. पण गवतात ज्या शेंगवर्गीय वेली आहेत त्या पण रुंद पानाच्याच, त्या जाणार, आणि ढोरांच्या खाण्यात प्रथिनं तिथूनच येतात. वाऱ्याने उडालं तर शेजारचा कापूस किंवा टोमॅटो लगेच वाकडा होतो, त्यांना ते फार थोडं पण सोसत नाही. आणि एक गोष्ट फार जणांना माहीत नसते, फवारल्यावर कोमेजताना काही विषारी झाडं ढोरांना गोड लागायला लागतात, एरवी टाळतात ती खातात. म्हणून फवारणीनंतर लेबलवर असतील तितके दिवस ढोरं आत सोडायची नसतात.

मी विरोधात नाही हो. पण मारून झाल्यावर तिथे काय येणार याचं उत्तर आमच्याकडे आज नाही, परत माती आणि परत तेच. बाटली तशीच कपाटात, कुलूप लावून.

९ ऑक्टोबर

वरचा उतार कापला. कुसळी निम्मी फुलावर आली की कापायची, मुठीएवढी उंची ठेवून. मूठ जमिनीवर टेकवायची आणि वरून विळा, पोरांना हे लगेच जमलं. त्याच्या खाली कापलं की गवताला परत उठायला पान राहत नाही, मुळातला साठा संपतो, आणि पुढच्या पावसात ती जागा तणाला मोकळी.

कुसळीला तण म्हणायचं का हा नेहमीचा वाद. कोवळी असताना ढोरं आवडीने खातात. पिकली की तोंडात, हिरड्यांत, मेंढरांच्या कातडीत घुसते. आज एक कुसळ तळहातावर घेऊन त्यावर थुंकीचा थेंब टाकला. दोन क्षण काही नाही, मग ती हळूहळू स्वतःभोवती फिरायला लागली, तिच्या टोकाचं बी हाताला टोचायला लागलं. ओल लागली की पीळ सुटतो, सुकली की परत पडतो, असं करत करत बी स्वतःला मातीत स्क्रूसारखं पिळून घेतं. उतारावर काही ठिकाणी शेंडे एकमेकांत अडकून वेण्या झाल्या होत्या, त्या तशाच सोडल्या, गवताचं बी पण पडू दे.

२२ ऑक्टोबर

नाल्याकडची घाणेरी. पहिल्या दिवशी कोयत्याने तोडली, पाच झुडपं, मग लक्षात आलं की आपण पुढच्या वर्षीसाठी पंचवीस फांद्यांची सोय करतोय. थांबवलं. दिल्ली विद्यापीठाच्या सी. आर. बाबूंनी घाणेरीसाठी एक पद्धत बसवलीय ती करून बघतोय. खोड मातीत जिथे शिरतं तिथून तीन ते पाच सेंटिमीटर खाली सोटमूळ कुदळीने तोडायचं, झुडूप उचलायचं आणि उलटं करून ठेवायचं, मुळं वर, म्हणजे परत रुजत नाही. खोल खणायचं नाही. माणसाला एका झुडपाला दोन-चार घाव लागतात, अंदाज आला की एकच.

पक्षी फळं खातात आणि जिथे बसतात तिथे बी टाकतात, म्हणून नाल्यातल्या मोठ्या झाडांच्या खाली परत परत बघावं लागणार. तात्यांनी त्यांची ढोरं या बाजूला आठवडाभर आणली नाहीत. त्यांची एक वासरी मागे घाणेरी खाऊन आजारी पडलेली, कावीळ झाली आणि पाठीवरचा पांढरा भाग उन्हाने सोलून निघाला. यकृत बिघडलं की कातडी ऊन सोसत नाही. तेव्हा त्यांना वाटलं होतं कोणीतरी गरम पाणी ओतलं.

अर्धीच जाळी झाली. उरलेली झाली नाही, दिवाळी आणि मग माणसं कामाला बाहेर.

डिसेंबर, जानेवारी

लिहिण्यासारखं काही नाही. ढोरं वरच्या उतारावर कापलेल्या गवताच्या सडांवर चार दिवस, मग दुसरीकडे. कुंपणाची तार दोनदा बांधली.

१८ फेब्रुवारी

वेडी बाभूळ, अकरा झाडं. वरून तोडली तर बुडातून झुडूप होतं हे सगळ्यांना माहीत आहे, तरी सगळे वरूनच तोडतात कारण खाली खणायला जीव जातो. फुटव्याचे डोळे मातीच्या खाली बुडख्यावर असतात, ते सगळे निघेपर्यंत फूटभर तरी खणावं लागतं. एका दिवसात दोन झाडं. शेंगा पडल्यात त्या आधी गोळा करून घेतल्या, ढोरांनी खाल्ल्या की शेणातून बी निघतं आणि ते जास्तच लवकर उगवतं. बाहेरून ढोरं आली तर आत सोडायच्या आधी तीन-चार दिवस एका जागी बांधून ठेवायची असं ठरवलं, त्यांच्या शेणावर काय उगवतं ते तिथेच दिसू दे.

५ एप्रिल

तात्या म्हणतात पूर्ण चराईबंदी करा. मला पटत नाही. दोन-तीन वर्षं काहीच चरलं नाही तर जुन्या गवताचा थर बसतो, खालचा फुटवा गुदमरतो. चार भाग करायचे, एकात थोडे दिवस भरपूर ढोरं आणि मग लांब सुट्टी, असं कागदावर काढलंय. पाणी एकाच भागात आहे ही मोठी अडचण, त्याचं काही सुचलेलं नाही.

२ जून

तोच बूट, तीच रेषा, २०० वेळा. माती ५२, गवत ८८, गाजर गवत ३१, बाकी २९. वरून उतारापासून मधल्या पट्ट्यापर्यंत फरक डोळ्यांनी पण दिसतो, फाटकाकडे काहीच नाही, उलट तिथे गेल्या वर्षीपेक्षा वाईट आहे. जिथे सगळ्यात जास्त घाम गाळला तिथे.

१६ जून

मारवेलचे ठोंब. वरच्या उतारावरून दाट जाग्यातले काढले, मुळासकट, हातभर अंतरावर मधल्या पट्ट्याच्या काठाला लावले. बियाणं पण टाकून बघितलं असतं पण ते कापसासारखं हलकं, वाऱ्यावर जातं, ओल्या मातीत आणि शेणात कालवून गोळ्या केल्याशिवाय पडत नाही एका जागी. (शेण या वेळी हात घालून बघितलं.) ठोंब बरे. दरवर्षी फाटकाकडे दहा पावलं सरकायचं, यापेक्षा जास्त नाही.

२९ जून

नाल्याकडे राहिलेली घाणेरी काढायला गेलो होतो. तिच्या आडोशाला गाजर गवताचा एक पट्टा आहे, तिथे वर्षभर कोणीच हात लावला नव्हता, आमच्या यादीतच नव्हता. पोरगा ओरडला, "ताई, हे बघा काय झालंय याला." पानांच्या नुसत्या शिरा उरलेल्या. प्रत्येक शेंड्यावर भुंगे, जोड्याजोड्यांनी, मी चौकट टाकली आणि मोजायला लागले तर पन्नाशीनंतर उडायला लागले.

आता तात्यांचं म्हणणं, तो पट्टा उपटू नका, ते त्यांचं घर आहे. माझं म्हणणं तोच पट्टा बी टाकणार. तात्या म्हणाले, "कळ्या खाऊ राहिलेत की ते." जाऊन बघितलं, निम्म्या कळ्या खाल्लेल्या, निम्म्या नाहीत. पाटी मात्र या वेळी लावलीय, मोठ्या अक्षरात, दोन्ही बाजूंनी.